सिल्व्हरलाइट गेलं, आता ब्राउझरात काय नांदवायचं?

तळटीप (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र होतो. आता गळ्याशी आलंय म्हणून धागा काढतोय.

आमच्याकडे यंत्रांच्या तपासणीच्या नोंदी ठेवणारं एक ॲप्लिकेशन आहे. २०१०च्या सुमाराला बाहेरच्या एका कंपनीकडून करून घेतलेलं, सिल्व्हरलाइटमध्ये (ब्राउझरात जोडायचा मायक्रोसॉफ्टचा प्लगइन, म्हणजे वरून बसवायची पुरवणी). (तेव्हा "हेच भविष्य आहे" म्हणणारी माणसं आता कुठे असतात कोण जाणे.) मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२१ मध्ये सिल्व्हरलाइट वाऱ्यावर सोडलं. आम्ही मात्र एज ब्राउझरमधल्या आय-ई मोडच्या (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररचं सोंग) कुबड्या लावून अजून ते चालवतोय. अधूनमधून एखाद्या संगणकावर ते मान टाकतं, की आमची धावपळ. शेवटी वरून होकार आलाय : नव्याने लिहा, पण दहा वर्षांनी पुन्हा हीच वेळ आणू नका.

साधारण ऐंशी स्क्रीन आहेत. आम्ही तिघं. दोघांचा जावा आणि स्प्रिंगवर (जावातली सर्व्हरची फ्रेमवर्क, म्हणजे ॲप्लिकेशन बांधायचा तयार सांगाडा) हात बसलेला, तिसऱ्याला जावास्क्रिप्ट बरं येतं, व्ह्यूमध्ये एक छोटं काम केलंय त्याने. गेले तीन आठवडे मी रिॲक्ट, अँग्युलर, व्ह्यू, स्वेल्ट, ब्लेझर, फ्लटर, एचटीएमएक्स या स्क्रीन बांधायच्या साधनांच्या तुलना वाचतोय. प्रत्येक तुलनेच्या शेवटी "आपापल्या गरजेनुसार निवडा" असं लिहिलेलं असतं. अहो, घोडं तिथेच तर पेंड खातंय!

खटपट्या

रिॲक्ट घ्या आणि मोकळे व्हा. माणसं मिळतात, लायब्रऱ्या मिळतात, अडलं तर उत्तरं मिळतात. तीन आठवडे तुलना वाचण्यात घालवलेत, तेवढ्यात दहा स्क्रीन झाले असते.

रिकामा_रकाना

रुमाल टाकून ठेवतो. रात्री निवांत लिहितो.

उलटतपासणी

तळटीप, औषध विचारताय पण दुखणं अर्धंच सांगितलंत. ऐंशी स्क्रीन म्हणजे ऐंशी काय? यादी-फॉर्म-जतन अशा धाटणीचे किती आणि खरोखर अवघड किती? वापरणारा माणूस दिवसभर त्याच स्क्रीनसमोर बसून असतो की पाच मिनिटांचं काम करून उठतो? तपासणीला जाणाऱ्यांना तिथे नेटवर्क असतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज वापरणारे कशाला शिव्या घालतात, म्हणजे संथपणाला, टंकायच्या कटकटीला, की नोंदी हरवण्याला?

फ्रेमवर्कचं नाव यानंतर. नाहीतर आगीतून फुफाट्यात.

रिकामा_रकाना

रुमाल उचलतो.

थोडा जुना हिशोब मांडतो, कारण "दहा वर्षं टिकलं पाहिजे" ही अट तुम्हीच घातली आहे. ब्राउझरात ॲप्लिकेशन चालवायची हौस नवी नाही. १९९५ मध्ये जावा ॲपलेट आले. मग फ्लॅश आलं, आणि २००७ मध्ये तुमचं सिल्व्हरलाइट. या तिघांचा स्वभाव एक : ब्राउझरच्या घरात राहायचं, पण चूल स्वतंत्र. चित्र स्वतः रंगवणार, अक्षरं स्वतः काढणार, कळफलक स्वतः हाताळणार. ब्राउझरने नुसती चौकट द्यायची.

मग घरमालकाने एकेकाला बाहेर काढलं. २०१० पर्यंत आयफोनने फ्लॅशला दारातच उभं केलं होतं. क्रोमने २०१५ मध्ये जुन्या धर्तीच्या प्लगइनांचा आधारच बंद केला, त्यात ॲपलेटही गेले. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश थांबवलं आणि पुढच्या १२ जानेवारीपासून फ्लॅश प्लेअरने फायली उघडायलाही नकार दिला. ज्या दिवशी हे घडलं त्या दिवशी कोणाच्याही कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं. चालणारी गोष्ट फक्त चालेनाशी झाली.

याउलट, १९९८ मध्ये कुणी साध्या एचटीएमएलमध्ये लिहिलेला फॉर्म आज कुठल्याही फोनवर उघडून बघा. दिसेल ओबडधोबड, पण उघडेल आणि भरताही येईल. ब्राउझर बनवणारे जुनी पानं मोडू नयेत म्हणून किती जपतात याचं हे फळ. ब्रेंडन आइकने १९९५ मध्ये दहा दिवसांत जी जावास्क्रिप्ट उभी केली, तिच्यातल्या चुकाही आजतागायत जपून ठेवल्या आहेत! टाइपऑफ नल (रिकाम्या मूल्याचा प्रकार कोणता) विचारलं तर अजूनही "ऑब्जेक्ट" असंच उत्तर येतं, कारण दुरुस्त केलं तर कुठलं तरी जुनं पान मोडेल.

म्हणून माझी फूटपट्टी अशी : निवडलेली वस्तू ब्राउझरच्या स्वतःच्या भाषेपासून जितकी लांब, तितका तिचा वायदा तिच्या मालकाच्या मर्जीवर.

खटपट्या

रकानाराव, इतिहास झकास, पण प्लगइनांशी रिॲक्टची तुलना चुकतेय. रिॲक्ट शेवटी जावास्क्रिप्टच आहे. ब्राउझर ते बंद करूच शकत नाही.

रिकामा_रकाना

मान्य. ब्राउझर बंद करणार नाही. पण अँग्युलरजेएस आठवा. तीही शुद्ध जावास्क्रिप्टच होती. २०१० मध्ये आली, लोकांनी भारंभार ॲप्लिकेशनं लिहिली, आणि २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते नाव तेवढं सारखं ठेवून. जुना कोड उचलून नव्यात ठेवता येईना. २०२१ संपताना जुन्याचा आधारही संपला. कोड चालत राहिला हे खरं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबलेलं ॲप्लिकेशन किती दिवस चालवणार? व्ह्यू २ चंही २०२३ अखेर तेच झालं, जरी तिथून ३ वर जाण्याची वाट त्यामानाने सोपी होती.

प्लगइन गेला की दिवा एकदम विझतो, फ्रेमवर्क गेली की तेल हळूहळू संपतं, एवढाच फरक.

खटपट्या

आणि म्हणूनच रिॲक्ट म्हणतोय! २०१३ मध्ये फेसबुकने खुलं केल्यापासून त्यांनी असा सरसकट घाव कधी घातला नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये हुक्स आले, लिहिण्याची पद्धत बदलली, पण जुन्या क्लास पद्धतीचे कंपोनंट (स्क्रीनचे तुकडे) आजही चालतात. माझ्याकडे २०१६ चे आहेत. हात लावत नाही, निमूटपणे चालतात.

अर्धविराम

खटपट्या, तुझे क्लास चालतात ते ठीक, पण ते ॲप्लिकेशन बांधतोस कशाने? क्रिएट-रिॲक्ट-ॲपच ना? फेब्रुवारी २०२५ मध्ये रिॲक्टवाल्यांनी ते अधिकृतपणे मोडीत काढलं. रिॲक्ट टिकतं, पण त्याच्या भोवतीचं बिऱ्हाड दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतं. राउटर (पानांमधली ये-जा बघणारा) बदलतो, स्टेट (स्क्रीनवरची चालू माहिती) सांभाळायची पद्धत बदलते, बांधणीचं अवजार बदलतं. "रिॲक्ट घ्या" हा एक निर्णय नसतो, त्याच्या पोटात आणखी सात-आठ निर्णय असतात.

खटपट्या

बिऱ्हाडाचं मान्य. मी व्हाइट या नव्या बांधणीच्या अवजारावर हलवलं, दोन दिवस गेले. जीव गेला नाही.

शून्यातून_एक

मी नवीन आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. फ्लटर का नको? एकच कोड फोनवर, टॅबलेटवर, ब्राउझरात. आणि दोघं जावावाले आहेत तर फ्लटरची डार्ट भाषा त्यांना परकी वाटणार नाही. की वेबअसेंब्लीवरचं (इतर भाषांतला कोड ब्राउझरात चालवायची सोय) ब्लेझर घ्यायचं?

रिकामा_रकाना

शून्यातून_एक, यात सांभाळून घेण्यासारखं काय, प्रश्न अगदी रास्त आहे. वेबअसेंब्ली प्लगइन नव्हे हे आधी स्पष्ट करतो. २०१७ मध्ये चारही मोठ्या ब्राउझरांत आली, डिसेंबर २०१९ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सीने तिला मानकाचा दर्जा दिला. म्हणजे ही चूल घरचीच. फिग्मासारखं चित्र आखण्याचं साधन, मूळ सी-प्लस-प्लसमधलं, ब्राउझरात एवढं चपळ चालतं ते तिच्यामुळे. व्हिडिओ कापणं, त्रिमिती आराखडे, मोठी गणितं यांना ती हवीच.

पण फ्लटर ब्राउझरात काय करतं बघा. सगळा स्क्रीन एका कॅनव्हासवर (चित्र काढायच्या कोऱ्या चौकटीवर) स्वतः रंगवतं. ब्राउझरच्या दृष्टीने तिथे मजकूर नसतो, चित्र असतं. कंट्रोल-एफ मारून शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही. अंध वापरकर्त्यासाठी पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर चालावं म्हणून वेगळं अदृश्य झाड उभारावं लागतं, आणि वेगासाठी ते मुळात बंद ठेवलेलं असतं. देवनागरीचा टंकही संगणकावरचा वापरत नाही. आपण ॲप्लिकेशनसोबत दिला नाही, तर आयत्या वेळी नेटवरून नोटो हा टंक उतरवून घेतं. तोपर्यंत अक्षरांच्या जागी चौकोन. आता माझा वरचा प्रतिसाद पुन्हा वाचा : चित्र स्वतः रंगवणार, अक्षरं स्वतः काढणार... ओळखीचं वाटतं ना?

फोनवरच्या ॲपसाठी फ्लटर उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. मी फक्त ब्राउझरातल्या, दिवसभर फॉर्म भरायच्या कामाबद्दल बोलतोय.

अर्धविराम

ब्लेझरची एक पुस्ती. त्याचे दोन अवतार आहेत. एक डॉटनेटचं (मायक्रोसॉफ्टची प्रणाली, सी-शार्प भाषा तिचीच) अख्खं चालकयंत्र ब्राउझरात उतरवून घेतो, म्हणजे पहिल्यांदा उघडताना नाकापेक्षा मोती जड. दुसरा सर्व्हरवर चालतो आणि प्रत्येक क्लिक चालू जोडणीवरून मागे पाठवतो. जोडणी तुटली की स्क्रीन गोठतो. सी-शार्पवाल्यांच्या कार्यालयात, केबलला जोडलेल्या संगणकांवर मस्त चालतं. तळटीप यांचे दोघं जावावाले. केवळ जावासारखी दिसते म्हणून दुसरी भाषा घेणं मला तरी पटत नाही.

तळटीप (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. उलटतपासणी, तुमच्या प्रश्नांनी कामाला लावलं. काल बसून एकेक स्क्रीन उघडून मोजला (इतक्या वर्षांत हे कुणी केलंच नव्हतं).

ऐंशीपैकी त्र्याहत्तर सरळ आहेत : यादी, गाळणी, फॉर्म, जतन, मंजुरी. हे वापरणारे कार्यालयात बसतात, नेटवर्क पक्कं. एक स्क्रीन राक्षस आहे. त्याला आम्ही "मासिक ताळा" म्हणतो. आठशेच्या वर ओळी, चाळीस रकाने, आणि वापरणारे माउसला हात लावत नाहीत, टॅब-एंटर-बाण यांवर बोटं नाचतात. उरले सहा स्क्रीन तपासनिसांचे. ते टॅबलेट घेऊन यंत्रांपाशी जातात, तिथे पुष्कळदा दिवसभर सिग्नल नसतो. सध्या कागदावर लिहून आणतात आणि संध्याकाळी परत टंकतात. फोटो वेगळे. शिव्या बसतात त्या बहुतेक इथेच.

मोजल्यावर जरा ओशाळलो. मी ऐंशी स्क्रीनसाठी एक उत्तर शोधत होतो.

कंसातली

इतका वेळ गप्प होते, आता राहवत नाही. त्र्याहत्तर स्क्रीन "यादी, फॉर्म, जतन" असतील आणि दोन माणसं स्प्रिंगमध्ये मुरलेली असतील, तर त्यासाठी ब्राउझरात आख्खं ॲप्लिकेशन बांधायचं कशाला? सर्व्हरवर थायमलीफने (जावातलं एचटीएमएल पानं बनवायचं साधन) पान बनवा आणि जिथे पूर्ण पान पुन्हा आणणं टोचतं तिथे एचटीएमएक्स लावा.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : बटणाच्या टॅगवरच लिहायचं की दाबल्यावर अमुक पत्त्यावर विनंती पाठव आणि उत्तर तमुक जागी बसव. सर्व्हर जेसन (नुसती कच्ची माहिती) पाठवत नाही, तयार एचटीएमएलचा तुकडा पाठवतो. ब्राउझर तो तुकडा जागेवर ठेवतो. संपलं. यादी गाळली की फक्त यादीचा तुकडा येतो, फॉर्ममध्ये चूक असली की चुकीच्या संदेशासकट फॉर्मचा तुकडा येतो.

यातला खरा फायदा फायलीच्या आकाराचा नाही (दाबून पंधरा-सोळा केबी, ठीक आहे). फायदा हा की नियम एकाच ठिकाणी राहतात. ब्राउझरात पूर्ण ॲप्लिकेशन असलं की "तपासणीची तारीख यंत्र बसवल्याच्या तारखेआधीची नको" हा नियम जावास्क्रिप्टमध्ये एकदा आणि जावामध्ये एकदा लिहावा लागतो. सर्व्हर ब्राउझरवर विश्वास ठेवूच शकत नाही, त्यामुळे दुसऱ्यांदा लिहिणं टळत नाही. मग सहा महिन्यांनी कुणी तरी एकीकडचा बदलतं आणि दुसरीकडचा विसरतं. आमच्या एका कामात मंजुरीचं बटण दिसायचं पण दाबलं की नकार यायचा, ते याच भानगडीमुळे. दोन टीम एकमेकींकडे बोटं दाखवत बसल्या.

खटपट्या

एचटीएमएक्स मोजक्या माणसांच्या जिवावर चालतं. त्यांनी उद्या सोडलं तर? तुमचीच दहा वर्षांची अट.

कंसातली

ती एकच फाइल आहे. तिला दुसरं काहीही लागत नाही. तुझ्या कोडच्या शेजारी ठेव, उद्या जग बुडालं तरी ती तिथेच असेल. तुझ्या रिॲक्टच्या प्रकल्पात नोड-मॉड्यूल्सचा (बाहेरून आणलेल्या लायब्रऱ्यांचा) फोल्डर उघड आणि किती जणांच्या जिवावर तो चालतो ते मोज. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाची अकरा ओळींची वस्तू एकाने रागाने काढून घेतली आणि जगभरातल्या बांधण्या कोसळल्या. त्यातल्या बहुतेकांना आपण ती वापरतो हेही माहीत नव्हतं.

खटपट्या

लेफ्ट-पॅड काढल्याशिवाय असा एकही धागा पुरा होत नाही. :) त्यानंतर एनपीएमने (या लायब्रऱ्यांचं कोठार) असं सहज काढून घेणं बंद केलंय.

पण फोल्डर उघडला. आकडा सांगत नाही.

उलटतपासणी

कंसातली यांचं त्र्याहत्तर स्क्रीनसाठी पूर्ण पटतं. मात्र तपासनिसांच्या सहा स्क्रीनना ते जिथल्या तिथे संपतं. सर्व्हर गाठता येत नाही तिथे सर्व्हरकडून तुकडा कसा येणार? तिथे सगळं ब्राउझरातच हवं. आणि हा भाग भल्याभल्यांना घाम फोडतो म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

नेटवर्क नसताना पान उघडावं यासाठी सर्व्हिस वर्कर. ब्राउझर आणि नेटवर्क यांच्या मधे बसणारा कारकून समजा. पानं-फायली आपल्याकडे ठेवतो आणि नेट नसलं तर स्वतः देतो. तो फक्त एचटीटीपीएसवर चालतो. नवी आवृत्ती टाकलीत तरी जुनी सगळी टॅब बंद होईपर्यंत नवा कारकून बाहेरच्या बाकावर बसून राहतो, त्यामुळे "मी दुरुस्ती टाकली पण तपासनिसाला दिसत नाही" हा फोन येणार हे धरून चाला. स्क्रीनवर आवृत्तीचा आकडा कोपऱ्यात छापा. माझं ऐका, फोनवर तो वाचून घेतल्याने आयुष्य वाढतं.

नोंदी आणि फोटो इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरातल्या मोठ्या कोठारात. लोकलस्टोरेज या छोट्या साठ्याचा मोह नको. त्यात पाचेक एमबीच मावतं, आणि लिहिताना पान अडकतं.

आता खड्डा. टॅबलेट कुठले आहेत? आयपॅड असतील तर सफारीचा नियम वाचा. मार्च २०२० पासून, सफारी वापरल्याच्या सात दिवसांत ज्या साइटला हात लागला नाही, तिने स्क्रिप्टमधून साठवलेलं सगळं सफारी पुसून टाकते. इंडेक्स्डडीबी, सर्व्हिस वर्कर, सगळं. माग काढणाऱ्या जाहिरातदारांसाठी नियम केला, चिरडले आपण. ॲप्लिकेशन होम स्क्रीनवर बसवून तिथूनच उघडलं तर या सातच्या फेऱ्यातून सुटका आहे. म्हणजे "होम स्क्रीनवर टाका" ही सूचना ऐच्छिक नाही, पहिल्या दिवशीच्या प्रशिक्षणात करूनच घ्यायची. शिवाय "ही साठवण पुसू नकोस" अशी विनंती करायचा मार्ग ब्राउझरांत आहे. ती मान्य होईलच असं नाही, पण करायला काही पडत नाही.

पाठवणं. सिग्नल आल्यावर आपोआप मागच्या मागे पाठवणारी बॅकग्राउंड सिंक क्रोमच्या घराण्यात आहे, सफारीत नाही. तिच्यावर विसंबू नका. ॲप्लिकेशन उघडल्यावर आणि नेट परतल्यावर रांग उपसायची, आणि "न पाठवलेल्या नोंदी : ७" असं ठळक दाखवायचं. प्रत्येक नोंदीला ओळखक्रमांक टॅबलेटवरच द्या, सर्व्हरवर नव्हे. कारण नोंद पोचते, पोच परत येताना नेट जातं, टॅबलेट पुन्हा पाठवतो, आणि एकाच यंत्राची तपासणी दोनदा लागते. क्रमांक तोच असला की सर्व्हर म्हणतो, "आलीय ही आधीच."

दोन तपासनिसांनी एकच नोंद बदलली तर काय, हा प्रश्न तंत्राचा नाहीच. शेवटी लिहिणाऱ्याचं खरं धरायचं की दोन्ही ठेवून वरिष्ठाला दाखवायचं, हे कार्यालयाने ठरवायचं. लिहून घ्या. सहीसकट.

या सगळ्यात फ्रेमवर्कचं नाव एकदाही आलं नाही बघा. सहा स्क्रीनसाठी व्ह्यू घ्या, रिॲक्ट घ्या, स्वेल्ट घ्या, खरं काम वर लिहिलंय तेच राहतं.

शून्यातून_एक

हा प्रतिसाद वाचनखुणेत. _/\_

तळटीप (धागाकर्ता)

आयपॅडच आहेत. चाळीस. सात दिवसांचं वाचून पोटात खड्डा पडला, कारण एखादा तपासनीस रजेवर गेला की दहा दिवस टॅबलेट कपाटात आणि त्यात न पाठवलेल्या नोंदी, हे आमच्याकडे सर्रास होऊ शकतं.

उलटतपासणी

नियम दिनदर्शिकेचे नव्हे, सफारी वापरल्याचे दिवस मोजतो. कपाटात पडलेला टॅबलेट त्या हिशोबात येत नाही. पण रजेवरच्या माणसाचा टॅबलेट दुसऱ्याने घेतला आणि आठवडाभर सफारीत भलतंच काही बघत बसला, तर गेलं. होम स्क्रीनचं मनावर घ्याच.

अर्धविराम

तपासनीस शेरे मराठीत लिहितात का? मग एक इशारा. कळफलकावर आधी अक्षरं जुळवून मग शब्द पक्का करणाऱ्या पद्धतीत ब्राउझर "जुळवणी चालू, जुळवणी संपली" अशा घटना पाठवतो. मधल्या काळात तुमच्या कोडने रकान्यातला मजकूर पुन्हा लिहिला (मोकळ्या जागा काढल्या, लांबी कापली) तर अर्धवट शब्द विस्कटतो. रिॲक्टमध्ये दर अक्षराला मूल्य परत घालण्याची सवय असते, तिथे हे हमखास होतं. आणि "एंटर दाबलं की जतन" असं लिहिताना जुळवणी चालू आहे का हे तपासा, नाहीतर शब्द निवडायला दाबलेल्या एंटरने फॉर्म जातो. अँड्रॉइडवर तर बहुतेक कळांचा आकडा २२९ हाच येतो, कुठली कळ दाबली ते कळतच नाही.

लांबीची मर्यादाही जपून. "क्षत्रिय" आपल्याला तीन अक्षरं दिसतात, जावास्क्रिप्ट आठ मोजते. "शेरा ५० अक्षरांत" म्हणालात की माणूस विसाव्या अक्षराला अडकतो आणि तुम्हाला फोन करतो.

कंसातली

यावर वेगळा धागा काढ रे. +१०००

तळटीप (धागाकर्ता)

बारा दिवसांनी परत आलो. नुसतं विचारत बसण्यापेक्षा राक्षसालाच आधी हात घातला. "मासिक ताळा" दोन पद्धतींनी बांधून बघितला, आणि वापरणाऱ्या दोघींना बोलावून समोर बसवलं.

पहिला, कंसातली यांच्या पद्धतीने. प्रत्येक खण बदलला की सर्व्हरला विनंती, ओळीचा तुकडा परत. दिसायला बरोबर, पण त्या दोघी ज्या वेगाने टॅब मारतात त्या वेगाला तुकडा परत येईपर्यंत बोट दोन खण पुढे. तुकडा बसला की फोकस उडतो. पाच मिनिटांत त्यांनी हात वर केले.

दुसरा, तयार ग्रिडची (तक्त्याची) लायब्ररी घेऊन, सगळं ब्राउझरात, शेवटी एकदाच जतन. वेग जबरदस्त. पण ती लायब्ररी फक्त दिसणाऱ्याच ओळी रंगवते, उरलेल्या स्क्रोल केल्यावर. आणि पहिल्याच मिनिटाला एकीने कंट्रोल-एफ दाबून यंत्राचा क्रमांक शोधला. सापडेना! तिच्या मते ओळच गायब झाली होती. शेवटी कंट्रोल-एफ आपणच पकडून ग्रिडचा स्वतःचा शोध उघडायचं ठरवलं.

आता ठरलं ते असं. त्र्याहत्तर स्क्रीन स्प्रिंग, थायमलीफ आणि एचटीएमएक्स. ताळ्याची ग्रिड एक कस्टम एलिमेंट म्हणून, म्हणजे थायमलीफच्या पानात स्वतःच्या टॅगने बसते आणि बाकीच्यांना आत काय आहे ते कळत नाही. लायब्ररी मुद्दाम कुठल्याच फ्रेमवर्कवर न बेतलेली घेतली. तपासनिसांचं छोटं ॲप्लिकेशन वेगळं, व्ह्यू आणि टाइपस्क्रिप्टमध्ये (प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट), कारण तिसऱ्याला ते येतं. बाकी काही तात्त्विक कारण नाही.

खटपट्या

तीन माणसं आणि दोन-अडीच तंत्रं. तिसरा सोडून गेला की व्ह्यूचं कोण बघणार? मी असतो तर त्र्याहत्तरही रिॲक्टमध्ये केले असते, थोडे जड झाले असते, पण सगळ्यांना सगळं आलं असतं. हा तोटा तुम्ही कमी लेखताय असं मला वाटतं.

तळटीप (धागाकर्ता)

खरंय, यावर आमच्यातही भांडण झालं. म्हणून व्ह्यूचे सहा स्क्रीन एक जावावाला आणि तो, दोघं मिळून लिहितायत. रांग आणि साठवणीचा भाग व्ह्यूच्या बाहेर साध्या टाइपस्क्रिप्टमध्ये ठेवलाय. उद्या फ्रेमवर्क बदलली तर सहा स्क्रीन जातील, रांग राहील. एवढ्याने तुमचं समाधान होणार नाही हे माहीत आहे.

खटपट्या

होत नाही. पण कंट्रोल-एफवालीला समोर बसवलंत, ते आमच्यापैकी कुणीच सुचवलं नव्हतं.

रिकामा_रकाना

उशिरा विचारतोय : छपाईचं काय? सिल्व्हरलाइटच्या ॲप्लिकेशनात अहवाल छापत असणारच.

तळटीप (धागाकर्ता)

...

रिकामा_रकाना

वाटलंच. साधे तक्ते ब्राउझरातून छापा. शीर्षकाची ओळ टीहेड या टॅगमध्ये ठेवलीत तर दर पानावर आपोआप येते, आणि ओळ दोन पानांत फाटू नये याची सोय सीएसएसमध्ये आहे. पण प्रत्येक पानाच्या तळाशी "१२ पैकी पान ३" आणि सहीची चौकट नेमक्या जागी हवी असेल, तर ब्राउझरागणिक फरक पडतो. क्रोमला पानाच्या समासात मजकूर टाकणं २०२४ च्या अखेरीस जमायला लागलं. सहीचे अहवाल सर्व्हरवर पीडीएफ करूनच द्या, आणि देवनागरीची जोडाक्षरं त्या पीडीएफच्या लायब्ररीला जमतात का ते पहिल्याच दिवशी "र्‍य", "क्ष्म", "ट्र" छापून बघा. बऱ्याच लायब्रऱ्या वेलांटी भलतीकडे टाकतात. एकूण अहवाल किती आहेत?

तळटीप (धागाकर्ता)

यादीत एकतीस. आज कपाटं उघडून विचारत फिरलो तर आणखी चार निघाले, त्यातला एक कोण वापरतं ते अजून कळलेलं नाही.